चौथ्यांदा अंडी पांढरी पडली त्या दिवशी

सकाळी साडेसहाला टाकीवरच्या काळ्या कागदाचा कोपरा उचलला, लहान टॉर्च तिरपा धरला आणि पोटात गोळा आला. जाळीखालच्या काचेवर पांढरे ठिपके विखुरलेले. निऑन टेट्रा या माशाचं फळलेलं अंडं जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि काचेसारखं आरपार. उजेडात त्याची नुसती कड चमकते. पांढरं पडलं म्हणजे गेलं. आदल्या पहाटे जोडीने शंभराच्या वर अंडी दिली होती. त्यातली आरपार दिसली ती मोजून सात. सलग चौथी खेप अशी वाया गेली.

मी शोभिवंत माशांची पैदास करते. गप्पी किंवा मॉली थेट पिल्लं देतात, त्यांच्या पाण्याचे फार लाड करावे लागत नाहीत. टेट्राचं तसं नाही. आज विकले जाणारे बहुतेक निऑन टाकीतच जन्मलेले असतात आणि बऱ्यापैकी कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातही मजेत जगतात, रंगतात, अंडीही देतात. पण ती अंडी मात्र अजून अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलंच पाणी मागतात. कुजलेल्या पानांनी तपकिरी झालेलं, आम्लधर्मी, कॅल्शियम जवळजवळ नसलेलं. मासा जगतोय म्हणजे पाणी पैदाशीला चालेल, असं गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. तिथेच गाडी अडते.

मला हे ठाऊक होतं, म्हणून पाण्यावर माझा संशय गेलाच नाही. दुसऱ्या खेपेनंतर नर बदलला. तिसऱ्या वेळी जोडीला दहा दिवस जिवंत डॅफ्निया (पाणपिसवा) आणि डासांच्या अळ्या खाऊ घातल्या. पाणी मात्र नेहमीसारखंच तयार करत होते. ड्रममध्ये आरओचं पाणी, त्यात नळाचं अगदी थोडं, कारण निव्वळ आरओच्या पाण्यात माशांना लागणारे क्षारही उरत नाहीत. मग देशी बदामाची वाळलेली पानं आणि हलकी हवा सोडून आठवडाभर मुरवायचं. ड्रममधलं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ३८; पीएच ५.८. वहीत प्रत्येक खेपेचे आकडे लिहिलेले आणि सगळे चोख.

त्या सकाळी माझ्या हाताखालच्या मुलाला मी म्हटलं, "ड्रममधलं पाणी मोजून ठेव, पुढच्या खेपेला लागेल." दहा मिनिटांनी तो आला.

"ताई, शहाण्णव येतंय."

"मीटर धुतलास का आधी?"

"दोनदा धुतलं. दोन्ही वेळा शहाण्णवच."

जाऊन पाहते तर त्याने मीटर ड्रममध्ये नाही, अंड्यांच्या टाकीत बुडवलेलं. मी चिडले. अंड्यांच्या टाकीत बाहेरची कुठलीही वस्तू बुडवायची नाही हे त्याला कितीदा सांगितलं होतं. "चुकलं ताई, मला वाटलं हीच टाकी," तो कसाबसा म्हणाला. पुढे काही बोलणार तोच तो आकडा माझ्या डोक्यात शिरला. पाच दिवसांपूर्वी याच टाकीत ३८ चं पाणी भरलं होतं. बाष्पीभवनाने एवढं वाढत नाही, झाकलेल्या टाकीत तर नाहीच. मीटर त्याच्याकडून घेऊन ड्रममध्ये बुडवलं. ३९.

मग थेंबांचे किट काढले. कठीणपणाच्या चाचणीत एक थेंब म्हणजे एक अंश, लिटरला साधारण १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ड्रमच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला केशरीचं हिरवं झालं. टाकीच्या पाण्यात तीन थेंब पडल्यावर. कार्बोनेटची चाचणी घेतली तर ड्रमचा नमुना पहिल्या थेंबाला लगेच पिवळा, टाकीचा दोन थेंबांपर्यंत निळाच राहिला, तिसऱ्याला पिवळा पडला. टाकीचा पीएच ७.४. दोन परीक्षानळ्या उजेडात शेजारी धरल्या तेव्हा अंगावर काटा आला. पाणी एकाच ड्रममधलं होतं.

दोन्हींचा रंग मात्र सारखाच, गडद तपकिरी. त्या रंगानेच मला फसवलं. पाणी तपकिरी दिसलं की ते आम्लधर्मी आहे असं मन मानून चालतं. पण पाण्यात कार्बोनेट असेल तर पानांतून उतरणारं आम्ल ते गिळून टाकतं. रंग चढतो, पीएच जागचा हलत नाही.

टाकीत होतं काय? स्पंज फिल्टर, थोडं मॉस ही पाणवनस्पती, प्लास्टिकची जाळी. आई-बाप अंडी खातात म्हणून तळाच्या वर जाळी घालतो, अंडी तिच्यातून खाली पडतात. जाळी तरंगू नये म्हणून तिच्या कडांवर आधी काचेच्या गोट्या ठेवायचे. चार खेपांपूर्वी त्या दुसऱ्या टाकीत गेल्या आणि मी पांढरे गुळगुळीत गोटे वापरायला लागले. टाकीत घालण्याआधी मी ते वीस मिनिटं उकळून घेतले होते. जंतूंची एवढी धास्ती घेतली, पण गोटा कशाचा आहे हे विचारलं नाही.

एक गोटा बाहेर काढला, पुसून कोरडा केला, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब सोडले. आधी काहीच नाही. मग थेंबाच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि एकेक करून वर सुटायला लागले. मुलाने तो कानाशी नेला. "ताई, चुरचुरतंय." चुनखडीचा दगड. आम्लधर्मी, क्षार नसलेल्या पाण्यात तो हळूहळू विरघळत राहतो. नळाच्या कठीण पाण्यात वर्षभर ठेवला तरी कळलं नसतं. माझं मऊ पाणीच त्याला विरघळवत होतं.

पाणी भरल्यावर दोन दिवस टाकी स्थिर होऊ देते, मग जोडी सोडते, अंडी दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे पडतात. म्हणजे मी मोजत होते ते पाणी आणि अंडी ज्यात पडत होती ते पाणी, यांत पाच दिवसांचं अंतर होतं. कॅल्शियम वाढलं की अंडी नीट फळत नाहीत, आणि आम्लता गेली की बुरशी-जिवाणूंना रान मोकळं मिळतं. चारही खेपांचा हिशेब लागला. बदललेला तो पहिला नर, बिचारा, विनाकारण वेगळा काढला गेला होता.

त्याच दिवशी दुपारी टाकी रिकामी केली, घासली, गोट्या शोधून परत आणल्या. जोडीला विश्रांती दिली, आणि त्या पहिल्या नरालाच पुन्हा घेतलं. या वेळी वहीत ड्रमसाठी एक रकाना आणि टाकीसाठी रोजचा वेगळा रकाना आखला. मोजायचं ते टाकीतून पेल्यात काढून, मीटर आत न घालता. ३८, ३९, ३९, ४०, ४१. पाचव्या पहाटे अंडी पडली. दुसऱ्या दिवशी कागद उचलला तेव्हा काही पांढरी होतीच, ती असतातच. बाकी तळावर, काचेवर, मॉसच्या काड्यांवर पापणीच्या केसाहून बारीक शेपट्या थरथरत होत्या. मी मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे हरवले.

चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागली आणि मुलाने ड्रॉपरने इन्फ्युझोरियाचे, म्हणजे त्यांच्या खाण्यासाठीच्या सूक्ष्मजीवांचे, पहिले थेंब सोडले. पांढरे गोटे आता मॉलींच्या टाकीत आहेत. त्यांना कठीण पाणीच मानवतं.