फांदी साल घेऊन फाटली तर

केसर आंब्याची जाड फांदी वरून कापत आणली, की करवत निम्म्यापुढं जाताच ती आपल्याच वजनानं खाली येते आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून नेते. गडी घाईत फांदीला लोंबकळला तर हमखास. मग जखमेवरच्या बोर्डो पेस्टसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) शोधायला पळापळ सुरू होते. पेस्ट लावायचीच, पण ते शेवटचं काम. आधी करवत आणि धारदार चाकू.

लोंबणारी फांदी ओढू नका, साल आणखी उतरते. वरच्या फांदीवरून दोर टाकून तिचा भार घ्या. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप द्या, त्याच्या दोन इंच पुढं वरून कापा. भार उतरला की राहतो फक्त खुंट. तो खोडाला जिथं मिळतो तिथं सुरकुतलेलं फुगीर कडं दिसतं. त्याच्या जरा बाहेरून कापायचं, कारण जखमेवर नवी साल त्या कड्यातून येते. खोडाशी सपाट कापलं तर कडंच जातं, आणि खुंट ठेवला तर तो वाळून आतपर्यंत कूज नेतो. फाटताना कडं निघूनच गेलं असेल तर निरोगी लाकडापाशी थांबा.

आता साल. सोललेली पट्टी खोडाला एका बाजूनं धरून असेल, आतून ओली असेल, तर लगेच जागेवर दाबून सुतळीनं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा. तासाभरात केलं तर काही भाग जुळण्याची आशा असते. वाळलेली पट्टी मात्र बांधू नका. तिच्याखाली पाणी साचतं, मुंग्या येतात. अशी साल चाकूनं ओल्या, चिकटलेल्या सालीपर्यंत छाटायची आणि कडा गुळगुळीत करायच्या. जखम लांबट, टोकदार करण्याच्या नादात चांगली साल कापणारे बरेच आहेत. तसं करू नका, जितकं कमी कापाल तितकं बरं. आतलं लाकूड खरवडायचं नाही.

एका झाडापुरती बोर्डो पेस्ट म्हणजे 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरात वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करा. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लटकवला की विरघळतो. विळ्याचं घासलेलं पातं मिश्रणात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी घाला. जुना, फक्की झालेला चुना वापरला की हेच होतं. पेस्ट त्याच दिवशी संपवायची. जखम कोरडी असताना लावा, वाळायच्या आत पाऊस आला तर पुन्हा लावा. छाटणी जून-जुलैत, म्हणजे नेमकी पावसात असते, त्यामुळं हे वरचेवर घडतं.

पेस्ट बुरशी रोखते, जखम भरत नाही. भरणं झाडाचं काम. डांबर आणि ऑइल पेंट तर नकोच. आत ओल कोंडते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळं डांबर तापून शेजारची साल भाजते. फांदी गेल्यानं उघड्या पडलेल्या खोडाला, विशेषतः पश्चिमेकडून, उन्हाळ्याआधी चुन्याचा हात द्या.

मोसंबीत धोका वेगळा आहे. काळ्या जमिनीत पाणी खोडाला लागून राहिलं, की जखमी साल डिंक्याला, म्हणजे साल कुजून डिंक गळण्याच्या रोगाला, लवकर बळी पडते. खोडाभोवती एक आणि त्याबाहेर दुसरं असं डबल आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यातच द्या. सल (वाळलेल्या फांद्या) काढताना करवत स्पिरिटनं पुसून मगच पुढच्या झाडाला लावा.

झाड अशक्त झालंय म्हणून युरियाचा जादा हात देऊ नका. त्यानं जखमेभोवती पानसोट, म्हणजे सरळ जोमानं वाढणारे फुटवे, उसळतात. त्यातला जागा भरून काढणारा एखादा ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हातानं मोडायचे.

आंब्यात पुढं भिरुडाकडं, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीकडं, लक्ष ठेवा. जखमेजवळ छिद्र आणि त्याखाली भुसा दिसला की तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा आत सारा आणि ओल्या मातीनं तोंड बुजवा. बांधलेली पट्टी महिन्याभरानं सोडायची, नाहीतर सुतळी सालीत रुतते. पावसाळा सरल्यावर पेस्टचा दुसरा हात.