तुम्ही विचारलंत म्हणून : गाणं मोबाइलवर असताना रेकॉर्ड कशाला धुता?

हा प्रश्न मला दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि हल्ली अनोळखी लोक फोन करूनही विचारतात. विचारणारे वाईट नसतात. बऱ्याच जणांना माझी काळजीच वाटते, की चांगला पंपाच्या मोटारी बांधणारा माणूस, ओलिताच्या दिवसांत जळालेल्या मोटारींची दारात रांग लागलेली, आणि हा रात्री पाण्यात रेकॉर्डी फिरवत काय बसतो. "भाऊ, ते गाणं तं यूट्यूबवर हाये ना," म्हणतात, आणि लगेच लावून दाखवतात. दर वेळी दोन वाक्यं बोलून मी विषय मिटवतो. आता एकदाचं नीट सांगतो.

गाणं यूट्यूबवर आहे, मान्य. पण ते दुसऱ्या कुठल्या तरी प्रतीचं आहे. माझ्यासमोर जी तबकडी येते ती आर्वीकडच्या गावांत वाजलेली असते, लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत बंडीवरून फिरलेली असते, मंडपाच्या खांबाशी उन्हात पडलेली असते. तिच्या खाचेत आज काय उरलंय, हे मला ऐकायचं असतं. ते यूट्यूबवर नाही. मूळ गाणं ऐकण्याची हौस मलाही आहे, ती मी मोबाइलवरच भागवतो.

"मग कापडानं पुसा ना!" हा पुढचा सल्ला. एलपीची, म्हणजे मोठ्या व्हिनाइल रेकॉर्डची, पिन जिच्यातून फिरते ती खाच असते मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी रुंद. कापड तिच्यात उतरतच नाही. वरची धूळ आत लोटतं, आणि रेकॉर्ड वरून काळी चकचकीत दिसली की आपल्याला वाटतं झाली साफ. त्यात आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची, पिठासारखी बारीक. कापसाच्या जिनिंगजवळच्या घरांत तिच्यात रुईचे तंतू मिसळलेले. पावसाळ्यात तिला ओल धरते, कागदी पाकिटाला बुरशी येते, ती रेकॉर्डवर उतरते, आणि पुढच्या मे महिन्यात हे सगळं खाचेत भाजून पक्कं होतं. ब्रशनं ते निघत नाही. मी ब्रशनं भरपूर घासून पाहिलेलं आहे.

सराफाकडे दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असतं ते पाहिलं असेल. चष्मेवाल्याकडे, दातांच्या डॉक्टरकडेही असतं. तत्त्व तेच. स्टीलच्या टाकीच्या तळाला सिरॅमिकचे ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणाऱ्या चकत्या, चिकटवलेले असतात, ते सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. पाण्यात दाब वर-खाली होतो, डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि तिथेच फुटतात. बुडबुडा फुटताना लागणारा धक्का खाचेच्या तळापर्यंत पोचतो. ब्रशचा केस जिथे जात नाही तिथे पाणी जातं, आणि पाणी जातं तिथे बुडबुडा जातो. रेकॉर्डसाठी तयार यंत्रं मिळतात, पण चांगल्या यंत्राची किंमत लाखांत जाते. म्हणून घरी बनवलं. यात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

टाकी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली, लांबी रेकॉर्डच्या तीस सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त. तळाला चार ट्रान्सड्यूसर अॅराल्डाइटनं बसवले. रेकॉर्ड उभी बुडते, पण अर्धीही नाही. एलपीची त्रिज्या पंधरा सेंटिमीटर, मधल्या लेबलची पाच. म्हणजे कडेपासून नऊ-साडेनऊ सेंटिमीटर पाण्यात गेली की सगळ्या खाचा भिजतात आणि लेबल कोरडं राहतं. लेबलला दोन्ही बाजूंनी रबराच्या चकत्या लावून दाबतो. फिरवायला भंगारातल्या मायक्रोवेव्हची ताटलीखालची मोटार घेतली. ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ते जास्त होतात, म्हणून मध्ये पट्टा आणि मोठी पुली टाकून कमी केले. एका दांड्यावर दोन रेकॉर्डी लावल्या तर त्यांच्यात चांगली बोटभराहून जास्त फट ठेवावी लागते. पाण्यात या थरथरीच्या लाटेची लांबी साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर भरते. रेकॉर्डी खेटून लावल्या तर मधल्या पाण्यात जोरच उरत नाही. टाकी काम करते की नाही हे बघायला अॅल्युमिनियमच्या फॉइलची पट्टी बुडवायची. मिनिटभरात तिला टाचणीसारखी भोकं पडली की समजायचं बरोबर आहे. ताजं पाणी असेल तर आधी काही मिनिटं रेकॉर्ड न लावताच चालवायचं, विरलेली हवा निघून जाते.

अर्थिंगबद्दल मात्र हयगय नको. या सर्किटमधून ट्रान्सड्यूसरवर शेकडो व्होल्ट जातात आणि खाली पाण्यानं भरलेली स्टीलची टाकी. माझ्या घराच्या मागे कोळसा-मिठाचा वेगळा खड्डा आहे. तो झाल्याशिवाय मी हे यंत्र एकदाही लावलं नाही, आणि तुम्हीही लावू नका.

पाणी विहिरीचं चालत नाही, बोअरचं तर मुळीच नाही. सुकल्यावर क्षार खाचेतच बसतो. मी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरतो, त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंब न धरता पसरवणाऱ्या द्रवाचे, थोडे थेंब, पूर्वी फोटोवाले फिल्म धुताना घालत ते. तेच पाणी आरओच्या बूस्टर पंपानं स्पन फिल्टरमधून काढून पुन्हा घेतो. शेवटचं धुणं साध्या डिस्टिल्डनं. आणि तापमान. थंड मुलखातले लोक पाणी तापवा म्हणून लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात कॅनमधलं पाणी मुळातच चाळिशीला टेकलेलं असतं, आणि यंत्र चालू झालं की ते आणखी चढतं. व्हिनाइल म्हणजे शेवटी प्लॅस्टिक, ते मऊ पडतं आणि वाकतं. म्हणून उन्हाळ्यात मी कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून कूलरसमोर ठेवतो आणि काम पहाटे करतो.

लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींचं वेगळं. ती लाख म्हणजे पळसावर, कुसुमावर किडा करतो तीच लाख, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. तसली रेकॉर्ड स्पिरिटनं पुसून माझ्याकडे आणू नका. पुसली असेल तर आणूनही उपयोग नाही.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण पुढचं सांगताना कुणी म्हणू नये की यंत्रच कच्चं असेल.

शेजारच्या तालुक्यातला एक माणूस एक एलपी घेऊन आला. सनईची. त्याच्या वडलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. भोंगा, बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर, आणि ही रेकॉर्ड. आसपासच्या गावांत कुठलंही लग्न असो, पहाटे पहिली हीच वाजायची. लेबलवर निळ्या बॉलपेननं बारीक उभ्या रेघा होत्या, चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी, अशा. मी विचारलं तर म्हणाला, बाबा प्रत्येक लग्नाची एक रेघ मारत. छापलेली अक्षरं रेघांखाली झाकून गेली होती. नव्या रेघेला जागा उरली नव्हती, म्हणून शेवटच्या काही रेघा पाकिटावर होत्या. शाई पाण्यानं उतरू नये म्हणून मी त्या दिवशी चकत्यांखाली रबराची आणखी एक रिंग घातली.

"बाबाची हाये. साफ केल्यावर नीट आयकू येईन काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ऐकू येईल.

धुण्याआधी मी प्रत्येक रेकॉर्ड एकदा वाजवून कॉम्प्युटरवर घेतो, तशी हीही घेतली. खरखर भरपूर होती, मागे सनई. मग धुतली. टाकीतलं पाणी करडं झालं. सुकवली आणि त्याला बसवून त्याच्यासमोर लावली.

खरखर गेली होती. मागची शांतता अगदी स्वच्छ होती. आणि त्या स्वच्छ शांततेत सनई प्रत्येक वरच्या सुराला फाटत होती. सूर चढला की चिरका, काचेवर खिळा ओढल्यावर येतो तसला आवाज. बाजू संपत आली तसं ते वाढत गेलं. लेबलजवळच्या खाचांत नेहमीच जास्त फाटतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पयले बरी होती. तुमच्या मशीननं आवाज खाल्ला भाऊ."

मी त्याला आधीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. पडद्यावर दोन्हींच्या लाटा खाली-वर लावून दाखवल्या. सनईची उंची दोन्हीकडे तीच होती, गेले होते ते फक्त खरखरीचे काटे. सांगितलं, की आवाज आधीही फाटलेलाच होता, खरखरीखाली झाकला गेला होता. त्या काळच्या मशीनची पिन पाच-सहा ग्रॅम वजनानं टेकायची, माझी दोनच्या आसपास टेकते. भोंगेवाले तर पिन उडू नये म्हणून वर नाणं ठेवायचे. एवढ्या वजनानं, झिजलेल्या पिननं, एवढ्या लग्नांत वाजल्यावर खाचेच्या भिंती राहतील कशा? आणि हे सांगताना मी लेबलवरच्या रेघांकडे बोट केलं.

"म्हंजे माह्या बाबानं खराब केली म्हणता काय?"

मी म्हटलं, "वाजवली म्हणून झिजली."

हे खरं होतं आणि आजही खरंच आहे. तेव्हा काय बोलायला हवं होतं, हे पुष्कळ जणांनी मला सांगितलंय. घरच्यांनीही. पण त्यानं यंत्रावर आळ घेतला होता, आणि मला माहीत असलेलं कारण मी दडवून ठेवायचं, हे मला जमत नाही. त्याच्या वडलांना मी दोष दिला नाही. धंद्यातला माणूस रेकॉर्ड वाजवणारच.

त्यानं पैसे विचारले, मी घेतले नाहीत. मग त्यानं मोबाइल पुढे केला. "पयलेवालं टाकून द्या याच्यात." धुतलेलं घेता का, विचारलं, तर नको म्हणाला. आणि रेकॉर्ड? "राहू द्या तुमच्यापाशी." तो गेला, रेकॉर्ड माझ्याकडे आहे.

तेव्हापासून माझं माझ्याशीच भांडण सुरू आहे. यंत्र बनवलं तेव्हाचा मी सगळ्यांना छातीठोक सांगायचो, की खरखर म्हणजे घाण. घाण काढा, आवाज खाली शाबूत आहे. त्याला आता मी विचारतो, की झीजही खाली असेल तर? तो म्हणतो, असेल तर असू दे, निदान काय आहे ते तरी कळलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मग मी त्याला दुसरीकडून धरतो. त्या माणसाला काय आहे ते कळायला नको होतं, त्याला पहाटेची सनई हवी होती, आणि ती खरखरीसकट त्याला ऐकू येत होती. त्यावर तो म्हणतो, मग न धुताच परत द्यायची होतीस, आणला कशाला होता त्यानं? तेही बरोबर.

शंका यंत्राबद्दलही येते. फॉइलला भोकं पाडणारे बुडबुडे खाचेच्या भिंतीला काहीच करत नसतील का? एका टाकाऊ रेकॉर्डवर मी हे करून पाहिलं. धुतली, घेतली, पुन्हा धुतली, पुन्हा घेतली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टाकीत ठेवली. लाटांत फरक सापडला नाही. फॉइल पातळ असते आणि फाटते, व्हिनाइल लवचीक असतं, धक्का सोसतं. हे मला पटतं. पण त्या माणसाच्या कानाला फरक लागला होता, आणि सनई तो लहानपणापासून ऐकत आलेला. पडद्यावरची लाट मी त्याच्या कानापेक्षा वरची का धरू, याचं कारण मी अजून शोधतोय. कधी वाटतं, धरायलाच हवी, नाहीतर मोजण्याला अर्थ काय. कधी तेवढं ठाम वाटत नाही.

धुणं मात्र मी थांबवलेलं नाही. बहुतेक रेकॉर्डी घाणीनंच खराब वाजत असतात, आणि त्या धुतल्यावर गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. ते ऐकून रडलेली माणसं माझ्या दुकानात बसली आहेत. एवढं आहे, की आता रेकॉर्ड आणणाऱ्याला आधीच सांगतो : घाण निघेल, झीज निघणार नाही, आणि झीज जास्त स्पष्ट ऐकू येईल. हे ऐकून काही जण रेकॉर्ड तशीच परत नेतात.

त्या सनईवर एक उपाय उरला आहे. जुन्या गोल टोकाच्या पिना खाचेच्या भिंतीला एका ठरावीक उंचीवर घासतात, झीज तिथेच असते. वेगळ्या घडणीच्या टोकाची पिन त्याच भिंतीला दुसऱ्या उंचीवर टेकते, आणि तिथला भाग कधीकधी कोरा सापडतो. तशी पिन मागवली आहे, नागपूरहून यायची आहे. ती आल्यावर एलपी लावीन. त्या माणसाला याबद्दल अजून फोन केलेला नाही. आधी मी ऐकणार, आणि मग ठरवणार की करायचा का.