वॉलनटचं टेबल आणि लाखेचा हात

सांगलीला आमच्याकडे कपाट करायचं ठरलं की सुतार ओसरीवरच ठाण मांडायचे. शेवटचे चार दिवस घरभर स्पिरिटचा वास असायचा. इथे डेट्रॉइटजवळ असं घरी येऊन काम करणारं कुणी मिळत नाही, म्हणून लेकीचं अभ्यासाचं टेबल मी गॅरेजमध्ये स्वतःच केलं. लाकूड वॉलनट, म्हणजे इथला काळा अक्रोड. जोडकाम महिन्याभरात उरकलं. पॉलिश कोणतं मारायचं यात मात्र तीन आठवडे गेले.

पहिला विचार लॅकरचा, म्हणजे थिनरमध्ये विरघळणाऱ्या पॉलिशचा होता. अर्ध्या तासात वाळतं, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, पुढे ओरखडा पडला तरी दुरुस्ती सोपी. पण आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे आणि त्याची छोटी ज्योत सतत जळत असते. लॅकरच्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि ज्योतीपर्यंत पोचली की भडका. तो विषय तिथेच संपवला.

तेलातलं पॉलियुरेथेन हे व्हार्निश मजबूत असतं आणि लाकडाला मधासारखा रंग आणतं. पण वाळायला कित्येक तास, तोवर गॅरेजमधला प्रत्येक धूलिकण त्यावर येऊन बसणार. आणि एक गोष्ट घरी अळशीचं तेल किंवा असलं व्हार्निश वापरणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: तेलाची फडकी कधीही चुरगळून ढिगात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. एकेक फडकं उघडून बाहेर वाळत घाला.

उरलं पाण्यातलं पॉलियुरेथेन. डब्यात दुधासारखं, वाळलं की काचेसारखं स्वच्छ, फवारायची गन धुवायला नळाचं पाणी पुरतं. ते वॉलनटच्या तुकड्यावर मारून पाहिलं तर लाकूड राख फासल्यासारखं निस्तेज दिसलं. दुसऱ्या तुकड्यावर मी आधी लाखेचा एक पातळ हात दिला, अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 60 ग्रॅम चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, आणि वरून तेच पॉलिश मारलं. तपकिरी रंगाखालची लालसर झाक एकदम वर आली. लाख मेण काढलेलीच हवी, नाहीतर वरचं पॉलियुरेथेन धरत नाही. व्हिडिओ कॉलवर बाबांना दोन्ही तुकडे दाखवले तर ते लगेच म्हणाले, "अरे, हा दुसरा आपल्या कपाटासारखा दिसतोय." भारतात लाख सर्वात जास्त होते ती झारखंडात, पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून. मिशिगनच्या अक्रोडावर ती लावताना मला फार बरं वाटलं. हा हात स्पिरिटचा, म्हणून तो फवारला नाही. टेबल अंगणात नेऊन फडक्याने लावला.

फवारायला एचव्हीएलपी, म्हणजे हाय व्हॉल्यूम लो प्रेशर गन घेतली. हवा भरपूर, दाब कमी, नोझलशी 10 पीएसआयच्या आत, त्यामुळे पॉलिश हवेत उडून वाया जाण्यापेक्षा लाकडावर जास्त बसतं. फवारणीच्या गनचं मूळ इथून तासाभरावरच्या टोलिडोत आहे. तिथल्या डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारायचं उपकरण बनवलं आणि त्यांचा मुलगा थॉमस याने पुढे त्यातून रंगाची गन घडवली.

पहिल्याच पायावर ओघळ आला. मी मनगट फिरवत होतो, त्यामुळे मधे गन जवळ आणि टोकांना लांब जात होती. मनगट ताठ ठेवून अख्खा हात सरळ न्यायचा, लाकडापासून वीतभर अंतर राखायचं, ट्रिगर कडेच्या आधी दाबायचा आणि कड ओलांडल्यावरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. उजेड समोरून तिरपा घेतला की ओला थर चमकताना दिसतो. चमक तुटली तर थर कोरडा पडतोय, फुगली तर ओघळ येणार. ओला ओघळ पुसायला जाऊ नका. रात्रभर वाळू दिला आणि सकाळी ठोकळ्याला 320चा पॉलिश पेपर गुंडाळून सपाट केला.

असे तीन पातळ हात झाले. दोन हातांमधल्या घासणीला स्टीलवूल, म्हणजे पोलादी तारांचा बोळा वापरला नाही, त्याचे कण पाण्याच्या पॉलिशखाली गंजतात. नाकातोंडावर मास्क मात्र प्रत्येक वेळी लावला. पाण्याचं असलं तरी ते धुकं फुफ्फुसात जाऊन वाळतं.

हाताला टेबल दोन तासांतच कोरडं लागत होतं, पण पुरतं पक्कं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर त्यावर ना गरम कप, ना ओलं फडकं. लेक रोज शाळेतून आली की त्यावरून तळहात फिरवते आणि वह्या घेऊन शेजारी जमिनीवर बसते.