द्राक्षबाग हवामान केंद्र, नोंद ९: पाचव्या प्रकरणाचा परवाना

मागील नोंदीत या केंद्राच्या पुस्तिकेची सहाही प्रकरणे पूर्ण झाल्याचे कळवले होते आणि गोडी छाटणीपूर्वी (फळांसाठीच्या ऑक्टोबरच्या सुमाराच्या छाटणीपूर्वी) निफाड व पिंपळगावच्या बागायतदारांच्या हाती छापील प्रती देण्याचा बेत सांगितला होता. तो बेत मजकुराच्या परवान्याच्या प्रश्नावर तीन आठवडे अडून राहिला आणि काल रात्री मार्गी लागला.

फर्मवेअर, म्हणजे केंद्राच्या यंत्रातली आज्ञावली, जीपीएल ३ ‘किंवा नंतरची आवृत्ती’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, तर पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए ४.० खाली (श्रेय द्यायचे आणि रूपांतरही त्याच किंवा सुसंगत परवान्याखाली ठेवायचे), कारण तिची पहिली दोन प्रकरणे त्याच परवान्याच्या एका जुन्या मार्गदर्शिकेवरून रूपांतरित केली आहेत. शेवटचे मुद्रितशोधन करताना पाचव्या प्रकरणाशी हात थांबला. पान किती तास ओले राहिले हे केंद्र कसे मोजते, ते सांगणारे चार परिच्छेद मी फर्मवेअरच्या कोडमधल्या टिपण्यांतून (कोड समजावण्यासाठी त्यातच लिहिलेल्या ओळींतून) जवळपास जसेच्या तसे उचलले होते, आणि त्या टिपण्या इतर तिघांनी लिहिलेल्या होत्या. क्रिएटिव्ह कॉमन्सने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केलेली सुसंगतता एकेरी आहे: बाय-एसए ४.० चा मजकूर रूपांतर करून जीपीएल ३ च्या कामात नेता येतो, पण उलट दिशेने आणता येत नाही. टिपणी म्हणजे काही आज्ञावली नव्हे, असा युक्तिवादही येथे टिकत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या लेखी संगणक प्रोग्रामसुद्धा साहित्यकृतीच आहे.

सगळी पुस्तिकाच जीपीएल ३ खाली आणावी, असे आधी ठरवले. ते शक्य आहे, कारण तो परवाना कॉपीराइट लागू होणाऱ्या कोणत्याही कृतीला चालतो. मात्र त्याच्या व्याख्येत ‘ऑब्जेक्ट कोड’ म्हणजे स्रोताखेरीज (बदल करायला सोयीच्या मूळ रूपाखेरीज) कोणतेही रूप, म्हणून छापील प्रतही त्यातच मोडते आणि प्रत्येक प्रतीसोबत एकतर स्रोत किंवा तो देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी लागते. तेवढी ओळ मलपृष्ठावर सहज बसली असती. मला खटकले ते वेगळेच: ज्या मार्गदर्शिकेवर आपण उभे आहोत, तिला आपल्या सुधारणा परत घेता आल्या नसत्या. हे मला मान्य नव्हते. जीएफडीएल या दस्तऐवजांसाठीच्या जीएनयू परवान्याचा विचार तर एका संध्याकाळीच सोडला, कारण बाय-एसएचा मजकूर त्यात नेताच येत नाही.

मग तिघांना परवानगी मागितली. दोघांची त्याच दिवशी आली, त्यांतले एक काका फोनवर म्हणाले, “अहो, बागेत उभं राहून लिहिलेल्या ओळी आहेत त्या, खुशाल वापरा.” तिसऱ्यांशी संपर्क होईना, म्हणून त्यांचा परिच्छेद काढून टाकला आणि जुनी टिपणी न उघडता पहाटे साडेपाचला बागेत जाऊन नव्याने लिहिला. सेन्सरच्या पट्ट्यांवर दवाचे थेंब आधी सुटे बसतात आणि आकडा जेमतेम हलतो. दोन थेंब एकमेकांना मिळून पट्ट्या जोडल्या गेल्या की तो एकदम उडी घेतो. जुन्या मजकुरात ही उडी नव्हती. नवा परिच्छेद सरस उतरला आहे, याचे मोठे समाधान आहे.

सेन्सर विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील जोडणीची आकृतीही काढून टाकली. कोणती तार कुठे जोडायची ही वस्तुस्थिती सर्वांची असते, आकृती मात्र त्यांची. ती इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढली. फाइलगणिक परवान्याची ओळ तपासणारे ‘रीयूज’ हे साधन आधीच वापरले असते तर मजकूर आणताना प्रत्येक वेळी परवान्याची आठवण झाली असती. प्रत्येकाने ते बसवावेच, असे माझे ठाम मत आहे.

हे लिहिता लिहिताच सुचले की प्रवाहच उलटा करावा: स्पष्टीकरण आधी पुस्तिकेत लिहायचे आणि तिथून ते टिपणी म्हणून कोडमध्ये न्यायचे. दिशा बरोबर, पण एक मेख आहे. सुसंगतता केवळ आवृत्ती ३ पुरती असल्याने इतरांचा बाय-एसए मजकूर ज्या फाइलमध्ये शिरेल, तिच्यावरचे ‘किंवा नंतरची आवृत्ती’ हे शब्द टिकणार नाहीत. म्हणून रूपांतरित दोन प्रकरणे कोडपासून दूर ठेवायची आणि आपण स्वतः लिहिलेली चार दोन्ही परवान्यांखाली द्यायची. त्यासाठी सर्व लेखकांची लेखी संमती हवी. पत्राचा मसुदा आज रात्री पाठवतो, आणि उत्तरे आली की पंचवटीतल्या छापखान्यात दीडशे प्रती टाकतो.