तुम्ही विचारलंत म्हणून: मी डॉक्टरांच्या पंगतीला का बसते

होय, डॉक्टरांच्या संघटनेसाठी कायद्यावरच्या हरकती-सूचना मीच लिहिते. फुकट नाही, फी घेऊन. कोर्टाच्या कॅन्टीनपासून भावकीच्या लग्नापर्यंत प्रश्न एकच: स्वतःच्या मामाचं काय झालं ते बघूनसुद्धा तू त्यांच्यात कशी बसतेस? एकदाचं लिहूनच टाकते.

दवाखान्यांची नोंदणी आणि दर्जा ठरवणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. आपल्याकडं चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह, म्हणजे नर्सिंग होम, नोंदणी कायदा. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले: दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवू नका.

मामा गेले ते त्याच्या आधी, पहाटे. बिलाच्या खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "फायनल बिल झालं की गेटपास मिळेल." शवागाराचा वॉचमन पासशिवाय कुलूप काढेना. मामेभावाच्या खिशात होतं ते सगळं औषधाच्या दुकानात गेलेलं. मामी बाकड्यावर मामांच्या चपला पिशवीत घालून बसलेली. मध्येच पिशवी उघडून बघायची, परत गाठ मारायची. मी सनद घेतलेली वकील. खिडकीशी जाऊन कायदा सांगितला. त्यानं मान वर न करता कागदांना टाचण्या लावल्या आणि म्हणाला, "साहेब दहाला येतात, मॅडम." उजाडल्यावर मार्केट यार्डातला अडत्या पैसे घेऊन आला. मामा त्याच्याकडंच गूळ घालायचे. पुढच्या हंगामाच्या गुळावर उचल म्हणून त्यानं दिले, तेव्हा कुठं पास फाटला. माती द्यायला दुपार झाली.

पुढं नियम बदलणार म्हटल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीत डॉक्टरांच्या संघटनेची बैठक बसली. तालुक्याच्या गावात पंधरा खाटांचा दवाखाना चालवणारे एक डॉक्टर उठले. "मृतदेह अडवायचा नाही हे कलम राहिलं तर बिल कोण भरणार? सिस्टरांचा पगार मी कुठनं काढू?" या माणसाचा राग यावा म्हणून मी तयारच होते. पण त्यांच्या कपाळावर टाक्यांची खूण होती, नातेवाइकांच्या जमावानं दवाखान्याच्या काचा फोडल्या त्या रात्रीची. हल्ल्यांविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. ते फिर्याद द्यायला गेले तर ठाण्यातला हवालदार म्हणाला, "असा कायदा हाय व्हय?"

मी म्हटलं, बाकी सगळं लिहून देते, हे कलम काढा असं लिहिणार नाही. थकलेल्या बिलासाठी दिवाणी कोर्ट आहे. मागनं कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमचं वैयक्तिक हाय." हाय की! आणि कपाळावरची ती खूण काय सार्वजनिक होती? शेवटी त्या मुद्द्याचं पत्र त्यांनी दुसऱ्याकडनं लिहून घेतलं. माझी फी मात्र पूर्ण दिली. नियम आले तेव्हा ती तरतूद होती. माझ्यामुळं नव्हे.

लॉ कॉलेजातली मी असते तर विचारलं असतं, मग तिथनं उठून का आली नाहीस? अगं, हरकतींना मुदत असते. त्या मुदतीत ज्याच्याकडं टाइप करून, सह्या गोळा करून कागद मुंबईला पोचवणारं माणूस असतं, त्याचंच म्हणणं फायलीला लागतं. रुग्ण बरा झाला की घरी जातो, गेला तर घरचे दिवसकार्याला लागतात. त्यांची संघटना कुठनं उभी राहणार? मी तिथं बसले म्हणून दर मराठीत आणि दर्शनी भागात लावायला हरकत नाही, एवढं तरी डॉक्टरांच्याच लेटरहेडवर आलं. ती पोरगी यावर म्हणेल, खुर्ची टिकवायची असली की माणसं असंच बोलतात. म्हणू दे. तिला अजून ऑफिसचं भाडं भरायचं नव्हतं.

मामेभाऊ माझ्याशी अजून धड बोलत नाही. रुग्णांच्या बाजूनं कुणी मसुदा घेऊन आलं तर एक पैसा न घेता लिहीन, असं त्याला सांगून ठेवलंय. अजून कुणी आलेलं नाही, आणि मीही कुणाला शोधायला गेलेली नाही.