गॅस भरूनही बर्फच

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फोनवर एक बाई सांगत होत्या, "ओ भाऊ, एसीतनं बर्फाचे खडे पडायलेत गादीवर. दोनदा गॅस भरलाय की!"

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर राहण्याच्या खोल्या. जिना थेट कारखान्यातून वर येतो. आजोबांना धाप लागते, उन्हाळ्यात खालची धग सोसत नाही, म्हणून त्यांच्या खोलीत दीड टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी बसवलेला. मी पोचलो तेव्हा थोरला मुलगा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडायच्या तयारीत स्टुलावर उभा होता. आधी त्याला खाली उतरवलं. त्या बर्फाखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि तांब्याची नळी असते, म्हणजेच कॉइल. नळीला भोक पडलं की सगळा गॅस जातो, आणि या एसीत असतो तो आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो.

कूलिंग बंद करून मी फक्त पंखा चालू ठेवला, खाली बादली लावली. बर्फ वितळायला तास-दीड तास लागतोच. मेकॅनिकला एवढं थांबवत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

आधीच्या मेकॅनिकने बर्फ असतानाच गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, लावला असणार. आर-३२ च्या मशीनला उन्हाळ्यात सक्शनचा, म्हणजे कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचा दाब साधारण १२० ते १४० पीएसआय दिसायला हवा. तो १०० च्या आसपास आला की कॉइल शून्य अंशाला पोचतं, आणि हवेतला ओलावा त्यावर गोठायला लागतो. गॅस कमी असला की दाब पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण गॅस पुरेपूर असून कॉइलवरून हवाच जात नसेल, तरीही दाब असाच पडतो. खोलीतली उष्णता कॉइलपर्यंत पोचतच नाही, मग कॉइलमधला द्रव गॅस उकळणार कशाने? गेजचा काटा खाली दिसला म्हणून गॅस भरायचा, हे निदान नव्हेच. या सगळ्या खटपटीत एसी बराच वेळ बंद राहिला की बर्फ वितळतो, दोन दिवस गार वाटतं, आणि घरच्यांना वाटतं गॅसनेच काम झालं.

बर्फ कुठे धरलाय हेही बघावं लागतं. गॅस कमी असला तर बहुतेक वेळा बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर आणि कॉइलच्या एकाच भागात बर्फ दिसतो. इथे अख्खं कॉइल पांढरं होतं आणि जाड पाइपसुद्धा कॉम्प्रेसरपर्यंत गोठला होता. त्या पाइपमधून न उकळलेला द्रव गॅस परत गेला तर कॉम्प्रेसर मरतो.

फोन करणाऱ्या अक्का म्हणाल्या, "जाळी तर मी दर आठवड्याला धुते." खरंच धुतलेली होती. पण माग चालतात तिथलं बारीक तूस जाळीतूनही आत जातं. ब्लोअर, म्हणजे आतला हवा फेकणारा पंखा, बाहेर काढला आणि घरातले सगळे गप्प झाले. प्रत्येक पातीत तूस घट्ट बसून नमदा झाला होता, पात्यांचा बाक दिसतच नव्हता. पंखा फिरत होता, हवा मात्र फेकत नव्हता. कॉइलच्या वरच्या उतारावरही तोच थर.

आणखी एक गोष्ट सापडली. कॉइल फार गार झालं की कॉम्प्रेसर थांबवण्यासाठी त्यावर एक सेन्सर असतो. तो खोबणीतून निसटून तुसात लोंबकळत होता. बर्फ धरलाय हे मशीनला कळणार कसं?

खाली पाणी झेलणारं जॅकेट बांधून जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर धुतले, ड्रेन मोकळा केला, सेन्सर जागेवर बसवला. मग मशीन चालू केलं तर दाब १६० च्या वर, करंटचे अँपिअर मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त. दोनदा भरलेला जादा गॅस आता दिसत होता. सगळा गॅस रिकव्हरी सिलिंडरात काढला, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासले. गळती कुठेच नव्हती. पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या (व्हॅक्यूम) करून प्लेटवरच्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरला.

गळती नसताना कुणी गॅस भरतो म्हणाला तर "आधी ब्लोअर दाखव" म्हणा, असं मी अक्कांना सांगितलं. गॅस इंधनासारखा संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते बुजवल्याशिवाय भरलेला पैसा वाया जातो. तुमच्या घरात बर्फ दिसला तर कूलिंग बंद करा, पंखा चालू ठेवा, जाळी धुवा. पूर्ण वितळल्यावर पुन्हा लावा. परत धरला तरच माणूस बोलवा.

या घराला जाळी धुऊन भागणार नव्हतं. दर उन्हाळ्याआधी ब्लोअर काढून धुवायचं ठरलं, आणि मुलाने त्याच आठवड्यात जिन्याच्या तोंडाला दार बसवून घेतलं.