कानाच्या पाळीवरचा थेंब: कोलोनमध्ये क्रीडाविज्ञान शिकताना

कोलोनच्या पश्चिमेला, म्युंगर्सडॉर्फच्या फुटबॉल स्टेडियमला लागून ‘डॉइच श्पोर्टहोखशूल’ आहे. फक्त खेळासाठी असलेलं जर्मनीतलं हे एकमेव विद्यापीठ. इथे यायचं ठरवणाऱ्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: मैदानी चाचणी किती अवघड आणि खर्च किती? दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे. पण इथे नेमकं काय शिकवतात ते समजायचं, तर आधी प्रयोगशाळेत जायला हवं. धावपटू ट्रेडमिलवर उभा आहे आणि कोणीतरी त्याच्या कानाच्या पाळीतून 20 मायक्रोलिटर रक्त घेतं आहे. या चाचणीचा इतिहास याच आवारातला आहे. विल्डोर होलमान यांनी 1958 साली इथे रक्ताभिसरण संशोधन आणि क्रीडावैद्यक यांची संस्था उभी केली. 1976 साली अलोइस माडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या लॅक्टेटच्या (स्नायू साखर वापरताना तयार होणाऱ्या पदार्थाच्या) 4 मिलिमोल प्रति लिटर या पातळीवरून दमसास मोजण्याची पद्धत मांडली. आज जगभरचे प्रशिक्षक ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात त्यामागे हे काम आहे: या पद्धतीत लॅक्टेट 4 ला पोचतं तो वेग म्हणजे थ्रेशोल्ड. जर्मन भाषेत त्याला ‘श्वेल’ म्हणतात आणि घराच्या उंबरठ्यालाही हाच शब्द आहे. मराठीत सरळ उंबरठा म्हटलं तरी अर्थ तंतोतंत बसतो.

चाचणीचं नाव ‘श्टूफेनटेस्ट’, म्हणजे पायरीपायरीने चढत जाणारी चाचणी. एक पायरी 5 मिनिटांची. नेहमी न धावणाऱ्याची सुरुवात साधारण 2.4 मीटर प्रति सेकंद वेगाने होते, कसलेल्या धावपटूची त्याहून वर. दर पायरीला वेग 0.4 मीटर प्रति सेकंदाने वाढवायचा. दोन पायऱ्यांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबायचं आणि तेवढ्यातच रक्त घ्यायचं. इथे वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, म्हणून येण्याआधीच मीटर-सेकंदाची सवय करावी: 3.6 ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात आणि 1000 ला वेगाने भागलं की एका किलोमीटरला लागणारे सेकंद. 4.0 मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी 14.4 किलोमीटर, म्हणजेच किलोमीटरला 4 मिनिटं 10 सेकंद.

आता थेंब. चाचणीच्या दहाएक मिनिटं आधी कानाच्या पाळीला रक्तप्रवाह वाढवणारं मलम लावतात आणि नंतर ते पूर्ण पुसून काढतात. पाळीच्या खालच्या कडेला लॅन्सेटने टोचायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा थेंब आपोआप फुगू द्यायचा, पाळी पिळायची नाही. पिळलं की रक्तासोबत पेशींभोवतालचं पाणी येतं आणि नमुना पातळ होतो. केशनळी (केसासारखी बारीक नळी) जवळजवळ आडवी धरून टोक थेंबाला टेकवलं की रक्त स्वतःच आत चढतं. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलीच पाहिजे. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर 20 ऐवजी 17–18 मायक्रोलिटर रक्त जातं आणि आकडा कमी येतो. नळीची बाहेरची बाजू पुसताना कागद उघड्या टोकाला लागला तर तो रक्त शोषून घेतो, म्हणजे पुन्हा तीच चूक. मग नळी द्रावण भरलेल्या छोट्या कुपीत टाकायची, झाकण लावायचं आणि नळी रिकामी होऊन द्रावण एकसारखं लाल होईपर्यंत हलवायचं.

सगळ्यात जास्त घात करतो तो घाम. घामात लॅक्टेटचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट असतं. पाचव्या-सहाव्या पायरीला धावपटू निथळत असतो आणि घेणाऱ्याच्या हातात अर्धा मिनिट असतो. घाईत पाळी कोरडी केली नाही की काय होतं ते आकड्यांतच पाहा. समजा, 3.6 मीटर प्रति सेकंदाला लॅक्टेट 3.1 आणि 4.0 ला 4.9 आलं. 3.1 पासून 4 पर्यंतचं अंतर 0.9, म्हणजे एकूण 1.8 च्या बरोबर निम्मं. उंबरठा 3.8 मीटर प्रति सेकंदावर, किलोमीटरला 4:23. आता शेवटच्या नमुन्यात घाम मिसळला आणि 4.9 ऐवजी 6.7 आलं. 0.9 भागिले 3.6, म्हणजे पाव. उंबरठा 3.7 वर घसरला, किलोमीटरला 4:30. दर किलोमीटरला 7 सेकंदांचा फरक, आणि धावपटूचे पाय, फुप्फुसं, तयारी सगळं जसंच्या तसं. पुढचे सहा आठवडे त्याचा सराव या चुकीच्या वेगाने आखला जाईल. म्हणून पाळी प्रत्येक वेळी टिपायची, आणि नमुना खराब झाला असं वाटलं तर तक्त्यात लगेच तसं लिहायचं. विद्यार्थ्याने हे लपवलं तर इथले शिक्षक खरोखर नाराज होतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

कुप्यांवरचे क्रमांक आधीच लिहून ठेवावेत: विश्रांतीचा नमुना, मग प्रत्येक पायरीचा, मग थांबल्यानंतर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मिनिटाचा. सर्वांत वरचं लॅक्टेट धावणं संपल्यावर काही मिनिटांनी येतं, त्यामुळे खेळाडू थांबला म्हणून आपलं काम थांबत नाही. वेग वाढत असताना आलेख मध्येच खाली उतरला, तर पहिला संशय कुप्यांच्या अदलाबदलीवर घ्यावा.

4 हा आकडा मात्र सगळ्यांना लागू पडत नाही. लॅक्टेट टिकून राहते अशी कमाल पातळी शोधण्यासाठी 30 मिनिटं एकाच वेगाने धावायला लावतात. दहाव्या मिनिटापासून तिसाव्यापर्यंत वाढ 1 मिलिमोलपेक्षा जास्त नसेल तर तो वेग टिकाऊ मानतात. संशोधक हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली अशी पडताळणी केली. सरासरी 4 च्या जवळ आली, पण माणसागणिक ती साधारण 3 ते 5.5 पर्यंत होती. पायरी 5 ऐवजी 3 मिनिटांची केली तर स्नायूंतलं लॅक्टेट रक्तात यायला वेळ पुरत नाही, म्हणून त्यांनी अशा चाचणीसाठी 3.5 हा आकडा सुचवला. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी मांडून ‘खेळाडू सुधारला’ म्हणणं ही प्रबंधांत वारंवार दिसणारी चूक आहे.

आता जेवणाचं, कारण आपल्या लोकांचं इथे हमखास चुकतं. आदल्या दिवशी जोरदार सराव झाला असेल किंवा पोटात भात-पोळी नसेल, तर स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी असतं. मग त्याच वेगाला लॅक्टेट कमी तयार होतं, आलेख उजवीकडे सरकतो आणि थकलेला खेळाडू कागदावर तंदुरुस्त दिसतो. ओळखायची खूण म्हणजे थांबल्यानंतरचा सर्वोच्च आकडाही नेहमीपेक्षा खाली असतो. म्हणून दोन दिवस जड सराव टाळायचा, नेहमीचं जेवण घ्यायचं आणि काय खाल्लं ते लिहून ठेवायचं. खेळाडू मराठी असेल तर ‘उपास होता का’ एवढंच विचारून भागत नाही, कशाचा उपास ते विचारायला हवं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाणाऱ्याच्या पोटात कर्बोदकं भरपूर असतात. निर्जळी करणाऱ्याची गोष्ट अगदी वेगळी. जर्मन प्रश्नावलीत हा रकाना नसतो, तो स्वतः जोडून घ्यावा.

प्रयोगशाळेतला वेग तसाच उचलून विदर्भातल्या एप्रिल-मेच्या रस्त्यावर नेऊ नये. इथली खोली 20 अंशांच्या आसपास असते. उन्हात त्वचेकडे रक्त वळतं, नाडी चढते आणि तोच वेग उंबरठ्याच्या पलीकडे जातो. तिकडच्या खेळाडूंसाठी चाचणी तिकडच्या हवेतच, मैदानावर घ्यायला हवी.

संशोधनाचा दुसरा अर्धा भाग कागदाचा आहे. आचारसमितीची परवानगी हातात येईपर्यंत एकाही माणसाला टोचता येत नाही. अर्जात रक्त किती, किती वेळा, धोका काय, चाचणी कधी थांबवायची हे सगळं लिहावं लागतं. सहभागी होणाऱ्याला ते सोप्या भाषेत समजावून सही घ्यायची, आणि कारण न देता त्याला मधूनच बाहेर पडता येतं. 2018 पासून लागू असलेल्या युरोपीय माहितीसंरक्षण नियमांमुळे नावं आणि आकडे एकत्र ठेवत नाहीत. कुपीवर संकेतांक असतो, आणि संकेतांक कोणाचा ही यादी वेगळी, कुलुपात. सहा महिन्यांच्या प्रबंधात समितीच्या उत्तराची वाट पाहण्यात आठवडे जातात, म्हणून प्रबंधाचा तो अर्ज सर्वांत आधी करावा. रक्ताशी काम करायचं तर हेपॅटायटिस बी ची लस भारतातून निघण्याआधीच घ्यावी आणि प्रमाणपत्र सोबत आणावं.

प्रवेशाबद्दल. बॅचलरसाठी जर्मन भाषा आणि शारीरिक क्षमतेची प्रवेशचाचणी, दोन्ही लागतात. पोहणं, जिम्नॅस्टिक्स, ॲथलेटिक्स, सांघिक खेळ आणि रॅकेटचे खेळ मिळून 20 चाचण्या, त्यांतली फक्त एक हुकलेली चालते. 100 मीटर मुलांना 13.4 सेकंदांत, मुलींना 15.5 सेकंदांत. उंच उडी मुलांना 1.40 मीटर, मुलींना 1.20. शेवटी मुलांना 3000 मीटर 13 मिनिटांत, मुलींना 2000 मीटर 10 मिनिटांत. नियम बदलत राहतात, अर्जाच्या वर्षीचे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. यातली एकेकटी चाचणी डोंगराएवढी नाही, सगळ्या एका दमात जमवणं अवघड आहे. आपल्याकडच्या मैदानी खेळाडूंचं घोडं पोहण्यात आणि हॉरिझॉन्टल बारवर अडतं. मल्लखांब केलेल्यांना बारवरची पकड आणि अंगाचा ताबा सोपा जातो.

मास्टर्ससाठी काही अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, उदाहरणार्थ खेळाचं मानसशास्त्र. इथे अडतं ते गुणांवर कमी आणि विषयांवर जास्त. बी.पी.एड. मध्ये मैदान आणि अध्यापन भरपूर असतं, पण शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्राचे तास कमी पडतात. जर्मन विद्यापीठ पदवीचं नाव बघून थांबत नाही, प्रत्येक विषयाचे तास मोजतं. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. कॉलेजकडून तासांसह अभ्यासक्रम शिक्क्यानिशी घ्यावा आणि इंग्रजीत करून ठेवावा. टक्क्यांचं रूपांतर असं: 100 वजा मिळालेले टक्के, भागिले 100 वजा उत्तीर्ण होण्याचे टक्के, गुणिले 3, अधिक 1. उत्तीर्ण 40 असेल तर 68 टक्क्यांचे 2.6 होतात. जर्मनीत 1 सर्वोत्तम, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

शिक्षणशुल्क नाही, फक्त दर सत्राचं काही शे युरोचं शुल्क असतं, त्यातच प्रवासाचा पास येतो. व्हिसासाठी सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या ‘एपीएस’ या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो. शिकताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. हॉटेलात भांडी घासण्याआधी प्रयोगशाळेतल्या ‘हिवी’च्या जागा शोधाव्यात. विद्यार्थी-सहायकाची ही नोकरी, कुप्या धुण्यापासून सुरू होते आणि प्रबंधाचा विषय बहुधा तिथेच सापडतो.

विमानात बसण्याआधी घरी करण्यासारखा एक सराव आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून 20 मायक्रोलिटरच्या केशनळ्यांची एक डबी आणा. पाण्यात खायचा लाल रंग घाला, ताटलीच्या कडेवर त्याचा थेंब ठेवा आणि घड्याळात 30 सेकंद लावा. तेवढ्यात नळी बुडबुड्याशिवाय भरायची, बाहेरून पुसायची, कुपीत टाकायची, झाकण लावायचं. डबी संपेपर्यंत.